नवसाची फुगडी

चोपडा, जि. जळगाव

प्रिय भाऊ,

सकाळी सुरतहून तुझा फोन आला, "नूतन, कानबाईले मी यीसू. माले नवस फेडाना शे." तेव्हापासून मी एकटीच हसते आहे.

गेल्या श्रावणात मी कानबाई देवीपुढे फुगडी घातली. कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला, माझा चेहरा नको त्या अंगावर चिकटवला आणि गावभर फिरवला. तू चिडून म्हणालास, "आता तुझी फुगडी बंद." आणि आज कळलं, तिकडे तू गुपचूप नवस बोलला होतास, की व्हिडिओ गेला तर कानबाईपुढे स्वतः फुगडी घालीन.

व्हिडिओ गेला. तू अख्ख्या चाळीत पेढे वाटलेस.

खरं आज लिहिते. शेजारच्या भूमिकाला घेऊन मी जळगावला सायबर पोलिसांकडे गेले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, तक्रार आली की कंपनीला असला व्हिडिओ काढावाच लागतो. तसा कायदा आहे. लाजायचं तर तो बनवणाऱ्यानं, तुम्ही का?" मग मी पूर्ण नावानिशी सही ठोकली. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ गायब!

हे तुला कळलं तर तू म्हणशील, नवस कसला फेडायचा? म्हणून हे पत्र डब्यात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी काढलेल्या गव्हाखाली ठेवते. एवढं पोट सांभाळत तू गरगर फिरताना मला बघायचंच आहे.

आणि फुगडीला दोघं लागतात, भाऊ. माझेच हात धरावे लागतील. भूमिका व्हिडिओ काढेल, पण तुला विचारल्याशिवाय कुठेच टाकणार नाही.

वाट बघणारी,
नूतन