कणगीची शिडी

कापचोर्वा, ४ ऑक्टोबर १९९८

ती. यापसिवाताईस,
शि. सा. न. इकडे मुलं खुशाल आहेत. गाय व्यायली, बटाटा बरा निघाला. तुझा खोकला कसा आहे?

मजकूर असा की परवा पुन्हा तेच झालं. पोरं भुकेने रडतायत, कणगी नाचणीने भरलेली, आणि मी रिकामी टोपली घेऊन खाली ताटकळत उभी. का, तर जाऊबाई बाजारात गेलेल्या! सुंता न झालेल्या बाईने शिडीला पाय लावला तर म्हणे धान्य बाटतं. गोठ्यातल्या शेणालाही मी हात लावायचा नाही. घर सारवायचं तर जाऊबाईंच्या विनवण्या करायच्या. तीन लेकरांची आई मी, पण सासूबाई चारचौघांत मला पोरगी म्हणतात. साबिलाला सांगितलं तर म्हणतो, बायकांच्या भानगडीत नवऱ्याने काय बोलायचं. आणि उठून म्हाताऱ्यांत जातो, दारूच्या मडक्यात नळी घालून बसतो.

कंटाळले गं ताई. डिसेंबरात गावच्या मुलींना कापतील तेव्हा मीही रांगेत उभी राहते, असं सासूबाईंना सांगून टाकलंय. काय खूश झाल्या! त्या दिवशी तू माझ्या पाठीशी उभी राहायला ये. आई गेली, मग दुसरं कोण आहे मला?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी,
चेक्वेल


म्बाले, १५ ऑक्टोबर

चि. चेक्वेल हिला आशीर्वाद.

आधी एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात नुसत्या शिव्या होत्या.

अक्कल गहाण ठेवलीस का गं? चौदाव्या वर्षी मी त्या रांगेत उभी होते. पापणी लवू दिली नाही. बाबांनी वासरू दिलं, गाव नाचलं. पुढचं मात्र बघायला गाव आलं नाही. जखम भरली ती चामड्यासारखी घट्ट. पहिल्या बाळंतपणात बाळ वाटेतच अडकलं, गुदमरून गेलं, आणि मी फाटले ती फाटलेच. लघवी आवरेना म्हणून नवऱ्याने आधी वेगळी चटई दिली, मग वेगळी खोपी, मग बाहेरचा रस्ता. कणगीवर चढत होते ना मी? अगदी हक्काने चढत होते! चुलीत घाल तो हक्क.

आणि तो साबिला! तीन पोरं झाली तेव्हा तू पोरगी नव्हतीस वाटतं? विचार त्याला, माझं नाव सांगून विचार.

तुला धरायला मी येणार नाही. आलेच तर फरफटत इकडे घेऊन येईन. शिडी चढायला पाय लागतात, दुसरं काही लागत नाही. ते तुला दोन आहेत.

मुलांना पापे. माझी माया या रागातच आहे, ओळखून घे.
यापसिवा


कापचोर्वा, ६ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. तुझं पत्र वाचून मी भयंकर चिडले होते. शहरात बसून बोलायला तुझं काय जातं? तुला कुणी पोरगी म्हणत नाही. म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही.

मग मागच्या आठवड्यात माझी चेरोप, आठ वर्षांची पोर, सासूबाईंना विचारत होती की आईनंतर माझा नंबर कधी. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, आईचं होऊ दे, मग तुझाच. ताई, माझ्या डोक्यात तिडीक गेली. टोपली उचलली आणि सगळ्यांदेखत कणगीवर चढले.

काय तमाशा झाला म्हणून सांगू! सासूबाई ऊर बडवून घेतायत, शेजारणी धावत आलेल्या, जाऊबाई किंचाळतायत की सटवे, धान्य बाटवलंस, उतर खाली. मी वरूनच सांगितलं की ज्याला बाटलं वाटेल त्याने उपाशी झोपावं, आणि रांगेतून माझं नाव काढा. साबिला आला. म्हातारे त्याला म्हणाले, बायकोला आवर. मी त्याला तुझा प्रश्न विचारला, भर अंगणात. लोक हसले. तो मान खाली घालून आला आणि शिडी धरून उभा राहिला. पाडायला धरली की सांभाळायला, देव जाणे. पण मी धड उतरले.

आता म्हातारे धान्याच्या शुद्धीसाठी बोकड मागतायत. देत नाही, जा म्हटलं. सासूबाई माझ्या हातचं खात नाहीत. नाही तर नाही.

जाऊबाईंनी बोलणं टाकलंय. पाणवठ्यावर दिसले की थुंकतात. आणि काल त्याच बाई गुपचूप मागच्या दाराने आल्या. त्यांच्या लेकीला, येकोला, या शनिवारी कापायचंय, पोर पंधराची आहे. तिच्या कपड्यांचं गाठोडं माझ्या पायाशी आपटलं आणि म्हणाल्या, तुझी ती बहीण म्बालेला असते ना, कापायचा हंगाम सरेपर्यंत हिला तिकडे ठेव. मी आले होते हे कुणाला कळलं तर तुझी जीभ उपटीन. जाताना पुन्हा मला पोरगी म्हणायला विसरल्या नाहीत. राग आला होता, तरी गाठोडं मी उचललं.

हे पत्र येकोच्याच हाती देतेय. वाटेत तिने काही खाल्लं नसेल. मला उत्तर सावकाश लिही, आधी तिला घरात घे.

तुझी,
चेक्वेल