कुत्र्यांच्या गंजातले तुकडे

अकोला,
शनिवार सकाळ

सन्माननीय व्याहीबुवा उत्तमरावजी यांस,

अकोल्याहून सूर्यभानचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाईंनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला आमच्या पायऱ्या चढताना तो दुखला आणि तुम्ही दोष पायऱ्यांना दिलात, ते मी मनात ठेवलेलं नाही. इकडे सर्व कुशल आहे. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला कुशल दिसेल. आत चौकशी सुरू आहे आणि चौकशी करणारा मी एकटाच आहे.

फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या सौ. मैनाबाईंना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर न टाकता मी कोणाशी बोललो की त्यांना भिंतीपलीकडूनही सगळं ऐकू येतं. म्हणून हे पत्र शेजारच्या जीवनच्या हाती पाठवतो आहे. तो रोज अमरावतीला कामाला जातो. माणूस बरा आहे, पण पाकीट मी दोनदा डिंकाने चिकटवणार आहे. ते कुठे उचकटलेलं दिसलं तर मला कळवा.

आता मुद्दा. तुमची कन्या आणि आमची सून दामिनी सोन्यासारखी पोरगी आहे. (हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढच्या भानगडीत ते लिहायला जागा मिळेलच असं नाही.) तिला मुक्या जनावरांचा लळा आहे, हे तुम्ही सोयरीक जुळवताना सांगितलं होतं. मला वाटलं, घरात एखादं मांजर येईल. प्रत्यक्षात तिने आमच्या गल्लीतली चार कुत्री पदरात घेतली: कॅप्टन, बिजली, लाल्या आणि पोपट. (कुत्र्याचं नाव पोपट कसं, असं मी विचारलं होतं. "तो लय बोलते, मामाजी," असं उत्तर मिळालं. मी पुढचं विचारणं सोडलं.) रोज सकाळी मी अब्दुल गफ्फारच्या दुकानातून कोंबडीच्या माना, पंजे आणि पाठीचे तुकडे आणायचे. दामिनी शाळेत शिकवायला जाण्याआधी ते जर्मनच्या मोठ्या पातेल्यात, म्हणजे आमच्या गंजात, तांदळाबरोबर चिमूटभर हळद टाकून शिजवणार, आणि संध्याकाळी आली की कुत्र्यांना वाढणार. त्यात मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही; कुत्र्यांना बाधतं म्हणे. इथवर माझी काही हरकत नव्हती. कुत्री त्यांचं खात होती, आम्ही आमचं खात होतो, आणि रविवारी घरात मैनाबाईंच्या हातचा मटणाचा रस्सा होत होता. त्या रश्शासाठी साखरपुड्यात तुम्ही स्वतः वाटी किती वेळा पुढे केलीत, ते मी इथे काढत नाही.

श्रावणाच्या आधी तुमची पुतणी साधना आमच्याकडे पाहुणी आली. तिने नळी पार चोखून ताटाच्या कडेला ठेवली, बोटं पुसली आणि मग दामिनीला म्हणाली, "कुत्र्याइवर एवढी माया करतं, मंग बोकडानं तुयं काय घोडं मारलं व?" लक्षात घ्या, आधी नळी आणि मग प्रश्न. तिला अमरावतीहून कोणी पढवून पाठवलं होतं, असं मी म्हणत नाही. पण आमचा रस्सा बंद पडला की व्याह्यांमध्ये कोणाच्या घरचं जेवण वरचढ ठरतं, याचा मी जरा विचार केला. असो.

दामिनीने त्या दिवशी ताट अर्धवट ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगितलं की आता मांस बंद. ज्याच्या पाठीवर हात फिरवायचा, त्याच्याच जातीचं ताटात घ्यायचं हे तिला जमेना. "मी कोनालेच सोडा नाही म्हनून राहिली, मामाजी. मी माझ्यापुरतं सांगून राहिली," हे तिचे शब्द मला साक्षीला लागतील, म्हणून जसेच्या तसे लिहिले. पण सून पुण्यकर्मात पुढे जाते आहे, हे कोणत्या सासूला बघवेल? मैनाबाईंनी जागच्या जागी जाहीर केलं की आपणही सोडलं. आमच्या श्यामच्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडातला घास गिळायच्या आत सोडून टाकलं. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट्या उचलल्या. मला कोणी काही विचारलं नाही.

मी म्हटलं, श्रावण आहे, निघून जाईल. श्रावणात कोण खातं? पण पोळा आला. तुम्हाला सांगायला नको, पोळ्याच्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे, शिंगं रंगवायची, पुरणपोळी आपल्या हाताने भरवायची, त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं. आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला वऱ्हाडात मटण शिजलं नाही असं कधी ऐकलंत? जनावरावर माया आपण काही आज शिकलो नाही. माझ्या बापाचा बैल गेला तेव्हा बाप दोन दिवस जेवला नाही, आणि तोच बाप करीला रश्शात भाकर कुस्करून खायचा. यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही, आणि बैलानेही कधी तक्रार केली नाही. (बोकडाला कोणी विचारलं नव्हतं, हे खरं. हा मुद्दा दामिनीने काढला तेव्हा मी पाणी प्यायला उठलो.) तर यंदा करीला आमच्याकडे वांग्याची भाजी झाली. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण श्रावणापुरतं नाही.

गफ्फारलाही मी विचारून पाहिलं. त्याची नात फलक हिने एक कोंबडी पाळली आहे, नाव बेगम. ती फलकच्या खाटेखाली झोपते, आणि दिवसभर कोंबड्या कापणारा गफ्फार घरी जाऊन तिला तळहातावर ज्वारी देतो. हे कसं जमतं, म्हटलं. तो म्हणाला, "जो घर की है वो घर की, सूर्यभानभाऊ, और दुकान की दुकान में. दोनों को मैं मिलने ही नहीं देता." हे काही पूर्ण उत्तर नव्हे. पण माझ्याजवळ तेवढंही नव्हतं.

मग डॉक्टर आले. जनावरांचे. बिजलीला सुई टोचता टोचता ते म्हणाले की चारही कुत्री वाळली आहेत, यांना खायला काय देता? दामिनीने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एवढं चिकन खाणाऱ्या कुत्र्यांच्या बरगड्या मोजता येत नाहीत. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. संध्याकाळी तिने गंज ढवळून पाहिला, तर भात पिवळाधमक आणि तुकडे शोधावे लागत होते. मांस सोडल्यापासून कच्च्या मालाकडे तिला बघवत नाही, थैली ती तोंड फिरवूनच गंजात रिकामी करते; त्यामुळे तिचा निष्कर्ष सरळ होता. "गफ्फारचाचा आपल्याले फसवून राहिले, मामाजी. वरून भरलेली थैली दिसते आन् आत नुसते हाडकं." शहरातल्या प्राणिमित्रांचा तिचा एक फोनवरचा ग्रुप आहे. ती सगळी मंडळी माझ्याच सांगण्यावरून गफ्फारकडून माल घेतात. या दुकानातून कोणी काही घेऊ नका, असं ती त्यावर लिहिणार होती. मी गयावया करून मुदत मागून घेतली. ती उद्या, रविवारी रात्री संपते.

व्याहीबुवा, गफ्फार आणि मी नगरपालिकेच्या शाळेत एका बाकावर होतो. माझी आई गेली तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि तिरडीला खांदा द्यायला जी चार माणसं होती त्यांत तो होता. त्याच्या तराजूवर मी कधी नजर ठेवली नाही. माझ्यासारख्या माणसाने नजर ठेवली नाही, म्हणजे काय ते समजा. उभा जन्म मी जिनिंगच्या गोदामावर काढला. सरकीची पोती कमी भरली की हमाल सांगायचे, वाऱ्याने उडाली. मी वाऱ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. तुकडे दुकानातून पूर्ण येतात, थैली मी स्वतः आणतो. तेव्हा वारा असलाच तर तो घरातलाच, हे मी ओळखलं.

पहिला संशय मैनाबाईंवर. सोमवारी त्यांचा उपास असतो, आणि सोमवारी गंजातले तुकडे बऱ्यापैकी शाबूत असतात. शिवाय ज्या अन्नात मीठ पडतच नाही, त्या गंजामागे मला मिठाची एक छोटी वाटी सापडली. हे मीठ कशाला, असं सहज विचारलं. "मुंग्या येतात म्हनून," त्या म्हणाल्या, "आन् तुमी स्वयंपाकघरात कावून घुसून राहिले?" मिठाने पळणारी मुंगी मी अजून पाहिलेली नाही. दुसरा संशय श्यामवर. लहानपणी पाण्याचा तांब्या न उचलणारा हा मुलगा हल्ली आपण होऊन गंज निववायला गच्चीवर नेतो, आणि जाताना खिशात अर्धं लिंबू असतं. ज्या दिवशी तो कामाला मूर्तिजापूरला जातो, त्या दिवशी कुत्र्यांचं नशीब उघडतं.

सगळ्यात जास्त संशय मी दामिनीवर धरला, कारण आरडाओरड करणाऱ्याच्याच पोत्यात माल सापडतो, हा गोदामाचा अनुभव. परवा मी पडद्याआड उभा राहिलो. तिने झाकण काढलं, एक तुकडा उचलला, आणि मी श्वास रोखला. तिने त्यातली हाडाची अणकुचीदार कपची काढून टाकली (पोपटाचा दात दुखतो आहे) आणि तुकडा परत गंजात ठेवला. मग बोटं नाकाजवळ नेली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि साबणाने दोनदा हात धुतले. तिला मटण किती आवडायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मला फार वाईट वाटलं. पडद्याआड उभं राहणाऱ्या माणसाला असं वाटून घ्यायचा हक्क नसतो, तरी वाटलं.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाही. गुरुवारी मैनाबाई माहेरी दर्यापूरला गेल्या होत्या, श्याम मूर्तिजापूरला, दामिनी शाळेत. खिडक्या बंद होत्या. मांजर, कावळा, काही येण्याची शक्यता नव्हती. घरात मी होतो आणि गंज होता. तरी संध्याकाळी तुकडे कमीच भरले. गुरुवारचा तपास मी अजून उघडा ठेवला आहे. त्यात लाल्या हा कुत्रा त्या दिवसापासून माझ्या हाताचा वास घेतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. मला त्याचाही संशय येतो.

काल मी मन घट्ट करून गफ्फारच्या दुकानात गेलो. फसवतोस का, हे तोंडातून निघेना. एवढंच म्हणालो की कुत्री वाळली आहेत. त्याने एक शब्द न विचारता गल्ल्यावरून उठून मांडीचे चांगले तुकडे मूठभर थैलीत टाकले. "ये मेरी तरफ से. बेचारों को अच्छे से खिलाना." मी थैली घेऊन घरी आलो. संध्याकाळी दामिनीने गंज पाहिला. मांडीचा एकही तुकडा त्यात नव्हता. तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. उद्याची मुदत आहे, म्हणून ठेवला.

बाकी भेटीअंती. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, साधनेला काहीच नको.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही अकोल्याला या. येतो म्हणून कळवू नका, नुसते या. घरी आलेल्या व्याह्याला वांगं वाढलं तर मैनाबाईंना तीन गावांत तोंड दाखवता येणार नाही. तुम्ही पाटावर बसा, ताटाकडे बघा, घास उचलू नका आणि गुडघा दुखतो म्हणा. मैनाबाई मला तडक दुकानात पिटाळतील. दामिनीने दुसऱ्याला सोडा म्हटलेलंच नाही (शब्द वर लिहिले आहेत), तिच्यासाठी मी वेगळी झुणका-भाकर करायला लावतो. एकदा घरात उघडपणे रस्सा शिजू लागला की गंजाकडे कोणी फिरकणार नाही, कुत्री अंग धरतील, गफ्फारचं नाव राहील आणि कोणालाच काही बोलावं लागणार नाही. योजना मी रात्रभर तपासली आहे, तीत भोक नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा वाचलं. भोक आहे. कुत्र्यांनी अंग धरलं तरी दामिनी जन्मभर हेच समजेल की गफ्फार आधी लबाडी करत होता आणि मग भ्याला. तेव्हा गुरुवारचा तपास बंद करतो. गुरुवारी मी झाकण फक्त शिजलं का ते बघायला काढलं होतं. एकदा बघितल्यावर मिठाची वाटी जवळच होती. आणि कालचे मांडीचे तुकडे मैनाबाई आणि श्याम यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. उद्या जेवताना मी हे सगळं दामिनीला सांगणार आहे. ती चिडली तर मी सोसेन. पण ती चिडणार नाही, मुकाट ऐकून घेईल आणि दारातल्या कुत्र्यांकडे बघेल. त्या वेळी माझ्या शेजारी माझ्या वयाचं कोणीतरी बसलेलं असावं, एवढ्यासाठीच तुम्हाला बोलावतो आहे. मटण झालं नाही तरी चालेल. चौकशीचा निकाल असा: आमच्या घरात मांस खरोखर सोडलं ते पाच जणांनी, तुमच्या मुलीने आणि त्या चार कुत्र्यांनी. त्यातल्या चौघांना कोणी विचारलं नव्हतं.