पास झालेल्या शर्टाला चिठ्ठी कशाला?

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दहा वर्षांनी शहाणी अशा कात्रीबाईस दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरं तर एकच हात, दुसऱ्यात पेन आहे. पण मनात दोन्ही समज.)

इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते कळलं, पण कुठल्या डोळ्याचं ते काही नीट कळलं नाही. माझी लेक म्हणते डाव्या, तुझी सून फोनवर म्हणाली उजव्या, म्हणून दोन्ही डोळ्यांची मिळून चौकशी करते. गुडघा कसा आहे? जिने उतरताना अजून त्याला शिव्या देतेस का? दे, त्याने दुखणं कमी होतं असा माझा अनुभव आहे. माझं म्हणशील तर दात तेवढे सोडून बाकी सगळं माझंच आहे आणि चालतंय. अक्षर लागत नसेल तर दमादमाने वाच. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मी सलग एवढं लिहायला आजच बसले आहे. पण शेवटपर्यंत वाच हो. अर्ध्यावर ठेवलंस तर घोटाळा होईल.

आधी आनंदाची बातमी सांगून टाकते, पोटात मावत नाहीये. आपली टकली जिंकली! (टकली म्हणजे माझी नात. बारशाच्या वयाची असताना तूच नाव ठेवलंस. आता कमरेपर्यंत केस आहेत, पण घरात नाव तेच.) अशी तशी नाही जिंकली, आकडे मांडून जिंकली, आणि त्यात तुझ्या या मैत्रिणीचा हात आहे. आज सकाळपासून मी घरात अशी फिरते आहे की लेक म्हणाली, आई, जरा जमिनीवरून चाल.

आता पहिल्यापासून सांगते. टकलीची कंपनी बसगाड्यांचं वेळापत्रक लावणारा प्रोग्राम बनवते. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, हे सगळं तो कम्प्युटर ठरवतो. तो चुकू नये म्हणून त्याची दिवसातून दहादा परीक्षा घेतात, तिला म्हणतात टेस्ट. अशा तीन हजार टेस्ट आहेत. (बिचारा. मला चौथीची एक झेपली नव्हती.) आणि प्रत्येक टेस्टमध्ये एक मॅचर बसलेला असतो. मॅचर म्हणजे आपल्या शर्टाच्या कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलावरची बाईच समज. समोर आलेला माल हातात घ्यायचा, जसा हवा तसा आहे का बघायचं, पास की नापास सांगायचं. साधे मॅचर आयते मिळतात, हे त्याच्याएवढं आहे का, हे त्याहून मोठं आहे का, एवढं सांगणारे. पण दोन गाड्या एका फलाटावर एकाच वेळी येत नाहीत ना, हे आयत्या मॅचरला काय कळणार? म्हणून टकलीने स्वतःच्या हाताने अकरा मॅचर बनवले. चार महिने खपली पोरगी. ते चार महिने मी तिच्या शेजारी बसून मटार सोलले, म्हणून मला सगळं माहीत आहे.

तर झालं असं की सगळी परीक्षा आधी सहा मिनिटांत उरकायची, ती आता सव्वीस मिनिटं घ्यायला लागली. सगळे खोळंबले. तिथला वरचा माणूस आहे, दाढीवाला, तो शुक्रवारी म्हणाला की हे तुझ्या हातच्या मॅचरांमुळेच होतंय, सोमवारी अकराही काढून टाकू. टकली म्हणाली, मोजून तरी बघा. तो म्हणाला, तूच मोज, सोमवारी अकरा वाजता आकडे दाखव. आणि त्याच आठवड्यात तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, ठरवणारा हाच. म्हणजे बघ, मॅचर गेले की ती गेली. पोरगी घरी आली ती चप्पल घालूनच पलंगावर पडली.

शनिवारी सकाळी मोजायला बसली. मोजायची, लिहायची, पुन्हा मोजायची आणि डोकं धरायची. एकाच मॅचरला एकदा तीन, एकदा नऊ, एकदा पाच. सेकंद नव्हेत हं, सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले तीन आणि नऊ. मी भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसले होते, ते गुपचूप परत लावलं. मग म्हटलं, बाई गं, एकदा मोजून कुठे काय कळतं? आमच्या कारखान्यात कामाचा वेळ मोजायला घड्याळवाला यायचा, तो असं करायचा नाही. (आठवतो ना घड्याळवाला? गळ्यात दोरीने घड्याळ, आणि तो आला की आपल्या सगळ्यांना एकदम खोकला व्हायचा.) तो पहिले वीस-पंचवीस शर्ट धरायचाच नाही. मशीन गार असतं, हात गार असतात, ते खरं काम नव्हे. मग पुढचे शेकड्याने मोजायचा, आणि त्यात जो अगदी भराभर झाला तोही सोडायचा, जो फार रेंगाळला तोही सोडायचा, मधला धरायचा. आणि सगळ्यात गंमत म्हणजे तो एकदा रिकामे हात हलवायला लावायचा. कापड नाही, काही नाही, नुसतं उचलल्यासारखं करा, ठेवल्यासारखं करा. आपण हसून लोळायचो. पण तो म्हणायचा, नुसत्या हालचालीचा वेळ कळला की तो वजा करता येतो, उरलं ते खरं काम.

टकलीने पेन खाली ठेवलं.

"आज्जी, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तुझ्या कानात ती बोंडं असतात."

मग तिने एक रिकामा मॅचर केला, काहीच न तपासता पास म्हणणारा. (असे लोकही आपण पाहिले आहेत, नावं घेत नाही.) आणि प्रत्येक मॅचरला दहा-दहा हजार वेळा पळवायचं ठरलं.

इथे माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती सांगून टाकते. घड्याळवाला मोजायच्या आधी मोठा पंखा बंद करायला लावायचा, कापड उडतं म्हणून. टकली आत केस धुवायला गेली होती आणि टेबलपंखा भणभणत होता. म्हटलं, आपण तयारी करून ठेवू, शास्त्र म्हणजे शास्त्र. खाली वाकून पंख्याची पिन उपसली. पंखा फिरतच राहिला. मला वाटलं, जोरात होता, थांबेल हळूहळू. आणि त्याच वाऱ्यात मला डुलकी लागली.

उठले तर टकली रडायच्या बेताला आलेली. सगळे आकडे दुप्पट! तिचे अकरा तर अकरा, पण आयते मॅचरही दुप्पट हळू, आणि तो काहीच न करणारा रिकामा, तोसुद्धा दुप्पट हळू. काही न करायला दुप्पट वेळ कसा लागतो गं? दोन तास ती पोरगी स्वतःच्या कामात खोट शोधत बसली. मला आपली शंका आली म्हणून टेबलाखाली बघितलं, तर माझ्या पायाशी लोळत होती ती पिन कम्प्युटरची. त्याचा हिशोब असा असतो म्हणे, की वीज तोडली की तो बॅटरी पुरवून पुरवून वापरतो आणि मुद्दाम संथ चालतो. (हे मला पटलं. मीही तेच करते.) मी काय केलं असेल? पिन गुपचूप लावावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण दोन तासांचे आकडे ती दाढीवाल्याला दाखवून बसली असती. म्हणून सांगितलं. ती पाच मिनिटं माझ्याशी बोलली नाही, सहाव्या मिनिटाला हसायला लागली, आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, मोजण्याआधी पिन बघणे, आज्जी बघणे.

रविवारी सगळं नव्याने मोजलं. आणि काय सांगू, दहा मॅचर आयत्यांच्या बरोबरीने पळाले! एखादा केसभर मागे. अकरावा मात्र चाळीस पट हळू. तो म्हणजे तिचा सगळ्यात लाडका, दोन अख्खी वेळापत्रकं सारखी आहेत का ते सांगणारा. तिचा चेहरा उतरला. तो आठशे टेस्टमध्ये बसलेला, काढला तर सगळं उघडं पडणार. मी म्हटलं, तो करतो तरी काय, मला वाचून दाखव. ती वाचायला लागली. आधी दोन्ही वेळापत्रकं ताडून बघतो. मग काय हवं होतं आणि काय मिळालं याचे दोन रकाने आखतो, ओळीशेजारी ओळ मांडतो, फरक असेल तिथे लाल रंग भरतो, खाली चार ओळींची समजूत लिहितो. आणि मग पास की नापास सांगतो.

"पास असला तरी रकाने आखतो?"

"हो, पण पास झाल्यावर ते फेकून देतो ना."

"अगं मग लिहितो कशाला मेला?"

कात्रीबाई, मी तिला तपासणीचं टेबल सांगितलं. चांगला शर्ट आला की एक शब्द नाही, हात सुद्धा थांबत नाही, सर्रकन डावीकडच्या ढिगावर. वाईट आला तरच पेन्सिल उचलायची, तरच चिठ्ठी लिहायची, कॉलर वाकडी, काज मोठं, बटण सैल, आणि टाचणीने टोचायची. म्हणून दिवसाला सहाशे शर्ट निघायचे. तुझा हा शहाणा चांगल्या शर्टालाही तक्रारीची चिठ्ठी लिहितो, रंगवतो, आणि मग फाडतो. त्याला कोणीही कामावरून काढील. पण काढायचं कशाला? त्याला सांग, पास असेल तर गप बस, नापास झाला तरच पेन्सिल उचल.

ती कम्प्युटरकडे वळली, चार ओळी इकडच्या तिकडे केल्या आणि परत दहा हजार वेळा पळवला. आधी वाटलं बंदच पडला, इतक्या लवकर संपलं. मग सगळी परीक्षा लावली. सव्वीस मिनिटांची, कात्रीबाई, साडेसहात! तिने मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, पण वाटलं फार बरं.

सोमवारी अकरा वाजता ती घरूनच पडद्यावर त्या सगळ्यांशी बोलली, आणि मी दाराआड कपड्यांच्या घड्या घालत होते. (एकच टॉवेल चौदा वेळा.) तिने सगळं मांडलं, रिकामा मॅचर, गार हात, मधला आकडा. दाढीवाला खवचट, त्याने विचारलं की मग नापास झाल्यावर चिठ्ठी तरी नीट येते का? तिने मुद्दाम एक गाडी चुकीच्या फलाटावर घातली, आणि आली लगेच चिठ्ठी, लाल रंगासकट. मग कोणीतरी म्हणालं, आता सगळ्यात हळू कोण उरलं? टकली म्हणाली, एक आहे, तारखा जुळवणारा, पण तो माझा नाही. कोणाचा निघाला सांग? दाढीवाल्याचा! त्याने स्वतःच्या हाताने तीन वर्षांपूर्वी बनवलेला, आणि तोही पास झाल्यावर चिठ्ठ्या लिहितच होता. पडद्यावर इतकी शांतता झाली की मला माझा टॉवेल ऐकू आला. मग तो हसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, मॅचर राहतील, तूही राहतेस, आणि माझ्या मॅचरची चिठ्ठीही जमलं तर थांबव. कायम झाली गं टकली! मी दाराआडून टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना ऐकू गेल्या.

तेव्हाच त्याने विचारलं, हे मोजायचं आणि चिठ्ठीचं तुला कोणी शिकवलं? आणि टकली छाती फुगवून म्हणाली, माझ्या आज्जीने, एकोणीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात तपासणीची मुख्य होती ती.

तर असा हा विजय. सुनेला आशीर्वाद, गुडघ्याला शिव्या, आणि डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझीच, आणि आज जरा जास्तच तुझी,
काजवाली

ता. क. वर मी काय लिहिलं ते तू वाचलंस. तपासणीची मुख्य कोण होतं हे तुला मी काय सांगू. मी खोटं बोलले नाही, एवढंच की 'टेबलावर असं असतं' म्हणाले आणि पोरगी धरून चालली, आणि मग तिने ते बावीस लोकांपुढे सांगितलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मध्ये माणूस दुरुस्ती कशी करणार?

ता. क. दुसरा. दाढीवाल्याने पुढच्या गुरुवारी तीन वाजता मला ऑफिसात बोलावलं आहे, सगळ्यांना अर्धा तास तपासणीबद्दल सांगायला. मी होय म्हणून बसले. मला दोन मिनिटांच्या पुढे काही येत नाही. तेव्हा गुरुवारी सकाळच्या गाडीने निघून ये, पट्टी असली तर पट्टीसकट ये. मी कळवलं आहे की माझ्याबरोबर माझी एक मदतनीस येईल. रागावू नकोस. तिथे पोचलं की मी उठून सांगेन, खरी मुख्य ही, बोलणार ही, मी नुसती काजं करत होते.

ता. क. तिसरा. ते सांगायला माझी जीभ रेटली नाही, तर तूच सांग. पण चहा देऊन होईपर्यंत थांब. आणि कोणी विचारलं की काजवालीला तपासणीतलं एवढं बारीक कसं माहीत, तर खरं सांगून टाक, की एकोणीस वर्षं चिठ्ठ्या लिहिणारी तू, आणि त्यातल्या निम्म्या मला आलेल्या.