दोन सूत जास्त

दादा,

तुझ्या डोळ्यातला कॅन्सर पोटात उतरलाय. लिव्हरमध्ये गाठी आहेत, हे डॉक्टरांनी मला सोमवारी सांगितलं. तुला मात्र मी "पित्त झालंय" असं ठोकून दिलं. समोर बसून खरं सांगवत नाही, म्हणून तू घरी गेल्यावर कारखान्यात बसून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी डोळा काढला तेव्हा तू म्हणालास, "बरं झालं. फळी सरळ आहे का बघायला आता एक डोळा मिटायला नको." महिन्याभरात तू पुन्हा रंधा हातात घेतलास. तुझ्याइतक्या जिगरीचा सुतार मी पाहिला नाही.

आणखी एक कबूल करते. तेव्हापासून तुझं प्रत्येक दार चौकटीत जरा अडायचं. तू जेवायला गेलास की मी गुपचूप रंधा मारून ते बसवायचे. तुला पत्ता लागू दिला नाही, म्हणून स्वतःवर खूश होते.

आत्ता तू ठेवून गेलेलं दार तासायला घेतलं. कडेवर पेन्सिलीने तुझं अक्षर दिसलं.

"एका डोळ्याने अंदाज चुकतो. लहान झालं तर दार वाया, म्हणून तीन वर्षं माप दोन सूत जास्तच ठेवतोय. बाकीचं तू बघतेस, माहीत आहे मला."

त्याखाली आणखी एक ओळ होती.

"पित्तासाठी डॉक्टर बहिणीला एकटीला बाहेर बोलवत नाहीत. रडून झालं की जेवायला ये, थांबलोय."

हे पत्र आता तुला कशाला देऊ? तोंड धुऊन निघतेच.

तुझी धाकटी