जिनिंगमधली सहावी जागा

नांदुरा,
११ मार्च २०२५

प्रिय शंकर,

सप्रेम जय भीम. सोनाळ्याची हवा तुला मानवली असेल आणि वहिनींचे गुडघे बरे असतील. इकडे सगळे मजेत. मी तेवढा जाड झालो.

सात वर्षांनी माझं पत्र पाहून तू आधी पाकीटच उलटसुलट करशील, म्हणून लगेच बातमी सांगतो. रस्ता रुंद झाला, आपल्यासारख्या पेंटरांची दुकानं गेली. नव्या गाळ्यांचं भाडं ऐकूनच घाम फुटतो. पण कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मालकीणबाई अनुपमाताई मोठी शेड सहा कलाकारांना नाममात्र भाड्यानं द्यायला तयार झाल्यात. येत्या शनिवारी त्या पाहायला येतील. सहाही जण कामाला बसलेले दिसले पाहिजेत, नाहीतर तिथं मंगल कार्यालय होणार.

पाच जण जमलो. भिंती घालणं परवडत नाही, म्हणून बोर्डावर अक्षरं आखताना मारतो तशी निळीची दोरी मारून मी जमिनीवर जागा आखल्या. मूर्ती घडवणाऱ्या कौशल्याबाई रोज सकाळी अख्खी शेड झाडतात, की रेघा गायब! आठवडाभर मी आखतोय, त्या झाडतायत. शेवटी म्हणाल्या, "काऊन आखून राह्यले भाऊ? ज्याले जेवढी लागन, तेवढी तो घेईन." तेव्हापासून तबले मढवणारे महादेवराव माझ्या रंगाच्या डब्यांमध्येच बैठक मारतात.

सहावं नाव मी तुझं दिलंय. न विचारता.

आणि ज्यासाठी इतकं पाल्हाळ लावलं ते आता लिहितो. तू आपलं भागीदारीतलं दुकान सोडलंस, कारण मी तुला न सांगता फ्लेक्सचं मशीन आणलं. वर गिऱ्हाइकांना सांगितलं, शंकरचा हात थरथरतो. ते खोटं होतं. मला झटपट पैसा हवा होता आणि दोष तुझ्यावर ढकलणं सोपं होतं. तुझ्यासारखं अक्षर तालुक्यात कुणाचं नव्हतं. काल शेडमध्ये सगळ्यांसमोर हे कबूल केलं. महादेवराव म्हणाले, "आमाले सांगून काय होते बे? त्याले सांग."

मला माफ कर. फार लाज वाटते रे.

शनिवारी दहाला ये. नाही आलास तरी तुझा राग रास्त आहे. जागा रिकामी का, असं अनुपमाताई विचारतील, तेव्हा दोष कोणाचा हे या वेळी मी खरं सांगेन.

तू मानशील तर तुझा भागीदार,
गजेंद्र