राजासाठी कुजवलेली वाळू

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून फक्त राजा. किरकोळ फुलपाखरं पकडणं बंद. राजा वीतभर रुंद, नारिंगी-काळा. इतका विषारी की पक्षीही तोंड लावत नाहीत. तीन वर्षांत लोबाये नदीकाठी कुणाला मिळालेला नाही. काल मेहुण्याने, न्गबांदाने, चारचौघांत विचारलं की दाजी, पकडणार की नुसतं वर्णन करणार? पकडणार. पंधरा दिवसांत.

४ फेब्रुवारी
ओढ्याकाठची वाळू तयार. शेंड्यावरचा राजा घाणीलाच खाली उतरतो. बाकीचे पकडणारे वाळूवर नुसती लघवी करतात. मी खाली कुजका मांगूर मासाही पुरला. शेवटी डोकं लागतं.

५ फेब्रुवारी
मीच पुरलेल्या मांगुराचा काटा टाचेत घुसला. चपलेचा आवाज होतो म्हणून अनवाणी होतो. फालतू जखम.

९ फेब्रुवारी
राजा नाही. टाच गरम. पुल्शेरी म्हणते दवाखान्यात जा. बायकोला कशाचंही टेन्शन. दवाखाना चार तास लांब, आणि नेमका तेव्हाच राजा आला म्हणजे? सोमवारी नक्की.

१२ फेब्रुवारी, सोमवार
ढगाळ. गेलो नाही. पाला बांधलाय. सूज घोट्याच्या वर आली, म्हणजे पाला काम करतोय.

१४ फेब्रुवारी
पुल्शेरीने माझं ताट अंगणात वाढलं. वास येतो म्हणाली. वाळूचा असेल, म्हणालो. ती रडायलाच लागली. कसाव्याचा घास जाईना.

१६ फेब्रुवारी
ठणका एकदम थांबला! सांगितलं नव्हतं? पाय आहे की नाही कळतही नाही, इतका हलका. न्गबांदा आला. टोमणा मारला नाही, हे काही बरं वाटलं नाही. पायाकडे बघत राहिला. म्हणाला, "दाजी, पाठीवर घेऊन जातो तुम्हाला. आत्ता." राजा मला मिळू नये म्हणून सगळं. उद्या बघू, म्हणालो. तर पठ्ठ्या ओढ्यापलीकडे मुक्काम ठोकून बसलाय.

१७ फेब्रुवारी, दुपारी १२
सरपटत वाळूपाशी आलो. वारा लागावा म्हणून पट्टी सोडली.

१२.२०
राजा आला. खरंच आला. वाळूकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझ्या टाचेवर बसलाय. सोंड जखमेत घालून पितोय.

मला काहीच जाणवत नाहीये.

जाळं मांडीवर आहे. ते उचलवत नाही. भीती वाटते. न्गबांदाला हाका मारतोय. राजा उडाला तर उडू दे.