वाळवंटात पातळ सोलचे बूट

आई, हल्ली माझ्या पायात जे बूट असतात ते तू पाहिले असतेस तर चिमटीत धरून दाराबाहेर ठेवले असतेस. सोल इतका पातळ की बूट गुंडाळून पर्समध्ये टाकता येतो. टाच नाही, आत गादी नाही, आणि पुढचा भाग एवढा पसरट की बोटं आत ऐसपैस बसतात. तुझा जावई म्हणाला, "म्हणजे दुकानात जाऊन अनवाणीपण विकत आणलंस?" तुझी नात व्हिडिओ कॉलवर लोळून हसली, "मम्मा, यू लुक लाइक अ डक!" मी तिच्याशी मराठीत भांडत राहिले, ती इंग्रजीत हसत राहिली. हसू देत. शुक्रवारी या बुटांमुळे माझ्या बाबतीत जे घडलं ते अजून अंगातून उतरलेलं नाही. ऑफिसात बसले तरी पाय टेबलाखाली चुळबुळ करतात. ते तुला सांगायचंच आहे, पण त्याआधी तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

कारण पायांच्या बाबतीत तुझ्याइतकं कडक माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. तू दवाखान्याची नर्स, तालुक्यातले पाडे पायी फिरणारी, आणि मी तुझी डोळा चुकवून पळणारी मुलगी. शेजारचे मामा जाळं घेऊन सशामागे निघाले की मी त्यांच्या पाठोपाठ, अनवाणी. मामा म्हणायचे, पोरीचा पाय वाजत नाही, येऊ दे तिला. मला त्या वाक्याचा केवढा अभिमान! संध्याकाळी तू स्वयंपाकघरात मला पाटावर बसवतेस, माझा पाय तुझ्या मांडीवर. चुलीच्या जाळावर सेफ्टी पिन धरून तू काटा कोरतेस, आणि मागे पिठलं करपायला लागलेलं आहे तरी तू मान वर करत नाहीस. "रडायचं असेल तर आता रड," तू म्हणतेस, "काटा रुतला तेव्हा मजा वाटत होती ना?" मी रडत नाही. मग एक दिवस तू एका मुलीला घेऊन जीपने नाशिकला सिव्हिल हॉस्पिटलला गेलीस. माझ्याच वयाची होती, बाभळीचा काटा घरच्यांनी तसाच राहू दिला होता. तिचा पाय वाचला नाही. परत येताना तू माझ्यासाठी बूट आणलेस, काळे, घोट्याच्या वर येणारे, मापाला मोठे, पुढे कापूस कोंबून घालायचे. वर्गात सगळ्यांच्या पायात चपला, नाहीतर काहीच नाही, आणि मी त्या बुटांत शिपायासारखी खाडखाड. मामांनी मला सशाला नेणं बंद केलं. म्हणाले, आता ससे तुझे बूट ऐकूनच पळतील.

तेव्हापासून मी जाड बूटच घातले. कॉलेजात, साइटवर, इथे कतारमध्ये दुखानला आल्यावर तर लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज, दिवसभर. गुडघे कुरकुरायला लागले तशी मी आणखी जाड गादीचे बूट घेत गेले. या बुटांबद्दल मला सांगितलं ते आमच्या ऑफिसातल्या माझ्या कतारी मैत्रिणीने. तिचा भाऊ परदेशात शिकारीला असले बूट घालतो, म्हणाली, जनावराच्या जवळ जायचं तर पायाला जमीन कळली पाहिजे. मी घेतले आणि पहिल्याच आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना उलटा उतरायची पाळी आली. मग शहाणपणाने घेतलं. आधी घरात, मग टाउनशिपच्या बागेत, मग समुद्राकाठी. हळूहळू तळवे जागे झाले, आई! याला दुसरा शब्द नाही. समुद्राकाठची खारी जमीन वरून कोरडी दिसते, पण पाय ठेवला की पापडासारखी मोडते आणि खालचा गारवा सोलमधून वर येतो. वाऱ्याने दाबलेली वाळू कुठली आणि भुसभुशीत कुठली, ते न बघता समजतं. जाड बुटात काटकी मोडते तेव्हा आवाज ऐकून कळतं की आपण तिच्यावर पाय दिला. या बुटात ती मोडायच्या आधीच कळतं आणि पाय आपोआप दुसरीकडे पडतो. वयाच्या पन्नाशीनंतर मला माझाच एक हरवलेला अवयव सापडल्यासारखं झालं होतं.

तर शुक्रवार. थंडीचे दिवस म्हणजे इथे वाळवंटात तंबू टाकायचे दिवस. मैत्रिणीच्या घरच्यांचा तंबू दुखानच्या उत्तरेला आहे, तिथे तिने मला जेवायला बोलावलं होतं. तिचे वडील ससाणे पाळतात. आपण ससाणा म्हणतो, पण त्यांचा जीव ज्या पाखरावर आहे ती मादी आहे, नर तिच्यापुढे किरकोळ दिसतो. नवीनच आणलेली, अजून पुरती माणसाळलेली नव्हती. डोळ्यांवर चामड्याची टोपी, आणि आपण बोललो की ती मान कलती करून ऐकायची. मी हात पुढे केला तर म्हातारबाबा त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "अभी नहीं, बेटी. ये मेरा भी नहीं मानता." दुपारी त्यांनी तिची टोपी काढून तिला उडवलं. दोरीला पिसं बांधून ती गरगर फिरवायची आणि पाखराने त्यावर झडप घालायची, असा तो सराव. ती वर चढली, एक घिरटी घेतली, आणि कुठूनतरी एक होला, कबुतरासारखं रानपाखरू, उडाला. झालं! पिसं राहिली बाजूला. होला पुढे, ती मागे, दोघं टेकड्यांच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

तिच्या शेपटीला छोटा ट्रान्समीटर असतो, त्यामुळे दिशा कळत होती. पण पुढे सगळा फुटका चुनखडी दगड, गाडी जाईना. म्हाताऱ्या बाबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, ते गाडीतून उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसते बघत राहिले. चेहरा पार उतरला होता. मैत्रिणीने हातमोजा आणि मांसाचा तुकडा घेतला, मला म्हणाली, यल्ला, चल. वाटेत तिने सांगितलं की ससाणीला होला मिळाला असेल तर ती आत्ता कुठेतरी बसून खात असेल. एकदा पोट भरलं की मग तिला माणसाची गरज नाही. ती गेली की गेलीच, आणि पायात अडकवलेल्या पट्ट्यांसकट गेली तर कुठल्यातरी झाडात गुंतून मरेल.

टेकडीपलीकडच्या सखल भागात काटेरी झाडं होती आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती बसलेली. पंख पसरून होल्यावर तंबूच केला होता तिने. मैत्रीण पुढे निघाली. तिच्या पायात जाड हायकिंगचे बूट, खडीवर करर, करर. ससाणीने मान वर केली, होला पंजात धरला आणि उडून आणखी लांब जाऊन बसली. मैत्रिणीने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग तिने बूटच काढले. मोज्यांवर थोडं चालली आणि "या उम्मी!" म्हणून मटकन खाली बसली. अगं आईच म्हणाली ती! तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "तुझा आवाज येत नाहीये," ती कुजबुजली, "इतका वेळ माझ्यामागे चालते आहेस, मला कळलंसुद्धा नाही. तू जा." मी म्हटलं, मला काही येत नाही, ती मला ओळखत नाही. तिने हातमोजा माझ्या हातावर चढवला आणि मांसाचा तुकडा दिला. "सरळ जाऊ नकोस, तिरकी जा. डोळ्यात बघू नकोस. खाली वाक. हातावर आली की पायातल्या पट्ट्या धर. शुवय्य शुवय्य, हळूहळू."

मी निघाले. आई, मी इतकी हळू कधी चालले नाही. आधी पावलाची बाहेरची कड टेकवायची, खाली काय आहे ते तळव्याने विचारायचं, आणि उत्तर आलं की मगच भार टाकायचा. इथे सुटी खडी, नको. इथे वाळू, चालेल. इथे वाळकी फांदी, तिच्या पलीकडे. ससाणी खाते आहे, मधेच थांबते, बघते, मी जिथल्या तिथे. मी एका गुडघ्यावर येते, हात पुढे करते, आणि दुसरा पाय पुढे टेकवते तेव्हा काटा सोल फोडून सरळ तळव्यात जातो. डोळ्यांपुढे काजवे. तुझा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला, "आता रड!" मी रडले नाही गं. दातावर दात दाबून तो मांसाचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने तुकड्याकडे पाहिलं, होल्याकडे पाहिलं. एक पंजा हातमोज्यावर ठेवला, मग दुसरा. आणि माझ्या हातावर तिचं सगळं वजन आलं! मला वाटलं होतं पिसासारखी हलकी असेल. छे, चांगली भक्कम होती. मोज्यातून पंजांची पकड कळत होती. मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे मी तिच्या पायातल्या पट्ट्या बोटांत पकडल्या. तिने छातीची पिसं फुलवली आणि खायला लागली, जणू मी झाडाची फांदी आहे.

लंगडत परत आले. मैत्रीण रडत होती आणि हसत होती. तिने पर्समधून भुवयांचा चिमटा काढला, मला गाडीच्या पायरीवर बसवलं आणि काटा ओढून काढला. तुझ्याइतक्या सफाईने नाही, पण काढला. बाबांनी ससाणीला आपल्या हातावर घेतलं, तिच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मला नुसतं "शुक्रन, बेटी" म्हणाले. मग माझ्या बुटांकडे पाहून विचारलं, "ये किधर मिलता है? हमारे नंबर का मिलेगा?"

संध्याकाळी मी दवाखान्यात जाऊन जखम धुऊन घेतली आणि टिटॅनसचं इंजेक्शनही घेतलं. म्हणजे तुझं खरं ठरलं, काटा घुसतोच, आणि तो घुसला तर हयगय करायची नसते. त्या मुलीला पाहून तू जे बूट आणलेस ते बरोबरच होते. मी तुझ्या जागी असते तर तेच आणले असते. पण मामांचंही खरं होतं आई, माझा पाय वाजत नाही, अजूनही. एवढी वर्षं मी समजत होते की ते लहानपणाबरोबर गेलं. सोल फाटला आहे, मी दुसरा जोड मागवलाय. रागव हवं तर.

तू आता नाहीस, पाठवायला पत्ता नाही, हे लिहायला बसले तेव्हाही माहीत होतं. घरी कुणाला वाचूनही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी सगळ्यांना वेगळी सांगितली आहे. ससाणी हातावर येताच मी लगेच मागे फिरले असं मी सांगते. तसं झालं नाही. ती हातावर होती, पायातून रक्त येत होतं, ऊन उतरत होतं आणि टेकडीपलीकडून म्हातारे बाबा घाबऱ्या आवाजात विचारत होते, मिळाली का, मिळाली का. मला ते नीट ऐकू येत होतं. तरी थोडा वेळ मी ओ दिली नाही.